आडनाव

पहिल्यांदा ओठावर डाग आला
तेव्हा तानूबाई म्हणाली, मुंगळा चावला असंल.
खालच्या ओठाची डावी कड,
आधी नुसती चुरचुर, मग जांभळी,
रंग धरलेल्या शरद सीडलेसच्या मण्यासारखी.
चार दिवसांत निवलं. राखाडी खूण तेवढी राहिली.

पुढच्या शनिवारी पुन्हा.
तीच जागा. तसूभर इकडं नाही, तिकडं नाही.
वेलींखाली बायका फिसफिसल्या,
"शनवारी कोण येतं गं तुझ्याकडं?"
मीही हसले.
ओठ चिरला.

जांघेतलं गजकर्ण कुणाला सांगणार होते?
छाटणीनंतर महिना-दीड महिना
कमरेला प्लास्टिकचा कागद बांधून
एकेक घड मगातल्या पाण्यात बुडवायचा,
बुडवून हलवायचा, हलवून सोडायचा,
कोपरावरून ओघळ काखेत, काखेतून कमरेला.
घरी येईस्तोवर परकर अंगाचाच झालेला.
मोहाडीच्या मेडिकलवाल्याने
माझ्याकडं न बघता कात्रीने पट्टी कापून दिली:
दर शनिवारी एक. चार शनिवार.

तिसऱ्या शनिवारी ओठ तर पेटलाच,
मनगटावरही रुपयाएवढा डाग उठला.
सोमवारचा खाडा करून नाशिकला गेले,
सिव्हिलला, केसपेपरच्या रांगेत, तोंडाला पदर लावून.

कोकणी मॅडमनी ओठ बघितला, मनगट बघितलं
आणि विचारलं ते भलतंच:
"डाग उठायच्या आधी पोटात काय गेलं होतं?"
कमरेच्या पिशवीतली रिकामी पट्टी काढून दिली.
सराफाने मणी पारखावा तशी
त्यांनी ती ट्यूबलाइटपुढं धरली.
म्हटलं, मॅडम, हीच गोळी गेल्या साली घेतली होती,
तेव्हा काहीच झालं नाही.
"तेव्हा ओळख झाली," त्या म्हणाल्या,
"आता कातडी तिला ओळखते. जागेसकट."

चौथा शनिवार त्यांनी खोडून टाकला.
पुन्हा घेऊन बघायची नाही, अर्धीसुद्धा नाही.
पापण्या सुजल्या, श्वास लागला,
तोंडाची, डोळ्यांची साल सुटायला लागली, ताप चढला,
तर यष्टीची वाट बघत बसायचं नाही,
एकशे आठला फोन.
केसपेपरच्या डोक्यावर लाल पेनाने नाव लिहिलं,
वरून दोन रेघा ओढल्या.
"गोळ्यांची नावं बदलतात, बाई. तुम्ही आडनाव बघा.
शेवटी कोनाझोल आलं की घ्यायची नाही,
आधी मला विचारायचं.
सगळ्या भावंडांचा त्रास होईलच असं नाही,
पण तुमच्या ओठावर कशाला परीक्षा घ्यायची?"
सोयरीक जमवताना कूळ विचारतात, तसं.
मलम दिलं दुसऱ्या घरातलं.

मंगळवारी कामावर गेले तर
टाकीजवळ भुरीच्या औषधाची बाटली पडलेली.
उकिडवी बसले. सातवीपर्यंतच्या अक्षरांनी वाचलं:
हे-क्सा-को-ना-झोल.
कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.
द्राक्षालाही गजकर्णच की.
आणि त्याला औषध आमच्याच पाहुण्यांचं.

रंगनाथभाऊंची फवारणीची वही खुंटीला असते.
तारीख, औषध, माप, तोडणीला किती दिवस बाकी.
एक नोंद चुकली तर
समुद्रापल्याडून कंटेनर माघारी येतो.
घडाघडाचा हिशोब.
माझ्या पोटात एवढ्या सालांत काय काय गेलं
त्याचं एक पान नाही.

"भाऊ, गेल्या सालची वही द्या,
मागची पानं कोरी आहेत."
"काय लिहिणार?"
"माझी फवारणी."
ते हसले. मी नाही हसले. दिली.

परकर आता उलटा करून उन्हात घालते.
खूण अजून आहे, फिकी.
परवा भाकरीच्या सुट्टीत तानूबाई सरकत सरकत जवळ आली,
मागं वळून बघितलं,
आणि मूठ उघडली:
घामाने भिजलेली चार गोळ्यांची पट्टी.

"वाच की गं," म्हणाली हळूच.
"हिचं आडनाव काय?"